दुहेरी स्पंज फिल्टर : नागपूरच्या मे महिन्यात तपासून घेतलेला

सक्करदऱ्याकडच्या एका लहान दुकानातून मी माशांच्या टाकीसाठी हा फिल्टर घेतला. किंमत २६० रुपये. मधे एक उभी नळी, तिच्या दोन बाजूंना एकेक काळा गोल स्पंज आणि काचेला चिकटवायला रबरी चकत्या, एवढाच माल. याला स्वतःची मोटर नसते. हवेचा पंप वेगळा घ्यावा लागतो. मी दोन तोंडांचा घेतला, ३५० रुपयांना. नळी आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (नळीतून पाणी उलटं येऊ न देणारी झडप) मिळून आणखी पन्नासेक रुपये. सगळं सातशेच्या आत बसलं.

आमची टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. कागदावर ५४ लिटर. रेती, दगड टाकून आणि वर थोडी जागा सोडून पाणी ४५ लिटरच्या आसपास राहतं. त्यात गप्पी, प्लॅटी, थोडे झेब्रा आणि हनी गोरामीची जोडी आहे. टाकी नातीची. खाऊ घालणं तिच्याकडे, पाणी आणि वीज माझ्याकडे. मी नोकरीभर वायरमन होतो. घरात कुठलंही यंत्र आलं की ते किती वॅट खातं आणि लाइट गेल्यावर त्याचं काय होतं, हे दोन प्रश्न मी आधी विचारतो. फिल्टरच्या बाबतीत तर हेच दोन प्रश्न माशांच्या जिवाचे आहेत.

नागपुरात फिल्टरची परीक्षा जानेवारीत घेऊन उपयोग नाही. जानेवारीत कुठलाही फिल्टर चांगला वाटतो. पाणी थंड, मासे शांत, खाणं कमी. खरी परीक्षा मे महिन्यात, त्यातही नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत. बाहेर पारा ४५ अंशांच्या आसपास, हॉलमध्ये कूलर चालू असला तरी टाकीचं पाणी दुपारी ३२-३३ अंशांवर जातं, आणि घरातली माणसं बाहेरगावी गेली, कूलर बंद राहिला तर त्याच्याही वर. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंशांच्या एका लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना साडेसातच. आणि नेमकं त्याच वेळी माशाच्या अंगातला सगळा व्यवहार जोरात चालतो, त्याला प्राणवायू जास्त लागतो. साठा घटतो तेव्हाच मागणी वाढते. मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात ते भुकेनं नाही, श्वासासाठी.

टाकीबरोबर आलेला फिल्टर मोटरचा होता, पाण्यात बुडवायचा. कंपनीचं नाव घेत नाही, कारण बाजारात त्या जातीचे सगळेच थोडेफार सारखे आहेत. त्यावर १५ वॅट लिहिलेलं होतं. ही मोटर पाण्यातच बुडालेली असते, म्हणजे तिची उष्णता पाण्यातच उतरते. थंड मुलखात कुणाला याचं काही वाटणार नाही. आमच्या टाकीत तो फिल्टर चालू असताना आणि स्पंज फिल्टर चालू असताना, त्याच खोलीत, कूलर तसाच ठेवून, पाण्याच्या तापमानात मला दीड अंशाच्या जवळपास फरक दिसला. ३४ आणि साडेबत्तीस यांत माशांच्या दृष्टीनं मोठं अंतर आहे. हवेचा पंप टाकीच्या बाहेर असतो, तो तापला तरी पाण्याला झळ लागत नाही. मी वॅटमीटर लावून पाहिलं, माझा पंप ४ वॅट घेतो. दिवसरात्र चालवला तर महिन्याला तीन युनिटच्या आत. १५ वॅटची मोटर जवळपास ११ युनिट खाते.

पाणी मोजायला थर्मामीटर मात्र काचेचा, आत बुडवायचाच घ्या. काचेला बाहेरून चिकटवायची रंगीत पट्टी मिळते, तिला खोलीची हवा लागते आणि उन्हाळ्यात तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही. मोजणारं साधन कुठे आणि कसं बसवलंय यावर किती अवलंबून असतं, ते नागपूरकरांना सांगायला नको. २०२४ च्या मे अखेरीस इथल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश नोंदले गेले, देशभर बातमी झाली आणि मग हवामान खात्यानं सेन्सर बिघडल्याचं सांगितलं.

आता हा फिल्टर चालतो कसा. पंप नळीतून हवा सोडतो, बुडबुडे उभ्या नळीतून वर चढतात आणि चढताना पाणी बरोबर घेऊन जातात. त्या जागी नवं पाणी यायला एकच वाट, स्पंजमधून. म्हणजे टाकीतलं पाणी संथपणे, सतत स्पंजातून ओढलं जातं. घाण स्पंजाला अडकते, पण खरं काम ते नाही. खरं काम स्पंजाच्या छिद्रांत वस्ती करणारे जिवाणू करतात. माशांची विष्ठा, उरलेलं खाणं आणि कल्ल्यांतून बाहेर पडणारा अमोनिया यांतल्या अमोनियाचं जिवाणूंची एक जात नायट्राइट करते, दुसरी त्याचं नायट्रेट करते. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशाला मारतात. नायट्रेट बरंच सौम्य, ते पाणी बदलून काढून टाकता येतं. या जिवाणूंनाही प्राणवायू लागतो, आणि स्पंजमधून तो अखंड मिळतो. वर येणारे बुडबुडे पाण्याचा पृष्ठभाग हलवत राहतात, तिथून आणखी प्राणवायू आत येतो. एकाच पंपात दोन्ही कामं होतात, बुडबुडे सोडणारा वेगळा एअरस्टोन घ्यावा लागत नाही.

उन्हाळ्यात अमोनियाची गोष्ट आणखी कडक होते. पाण्यातल्या अमोनियाचा काही भागच खरा विषारी असतो आणि तो भाग तापमान आणि पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्क आहे ते सांगणारा आकडा) वाढला की वाढतो. पीएच ७ वरून ८ वर गेला तर जवळपास दहापट. म्हणून डिसेंबरमध्ये खपून जाणारी घाण मे महिन्यात खपत नाही. मे महिन्यात मी नातीला दोन वेळचं खाणं एक वेळ करायला सांगतो आणि ती ते मानते, कारण नीट समजावून सांगितलं की ती कधीच हट्ट करत नाही.

जिवाणूंची ही वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. आमच्या शेजारची मुलगी तेलंखेडीच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात शिकते. तिनं तिच्याकडच्या थेंबांच्या किटनं पाणी तपासून दिलं. परीक्षानळीत ५ मिलिलिटर पाणी, बाटलीतले थेंब, पाच मिनिटं थांबायचं, मग रंग तक्त्याशी जुळवायचा. अमोनिया आधी चढला, मग उतरला, मग नायट्राइट चढलं. "काका, आत्ता पाणी स्वच्छ दिसतंय ना, हाच धोक्याचा काळ आहे," असं ती म्हणाली, आणि ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. डोळ्यांना काच दिसते, पाणी दिसतं, विष दिसत नाही. नायट्राइट शून्यावर येईपर्यंत आम्ही टाकीत चारच गप्पी ठेवले होते. सगळे जगले. त्या काळात दर तिसऱ्या दिवशी थोडं पाणी बदललं.

दुकानदारानं या कामात मोठी मदत केली, त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. मी फिल्टर मागितला तेव्हा त्यानं आधी विचारलं, "टाकी किती फुटाची आहे जी? मासे कोणते टाकून राहिले?" मग आपल्या चालू टाकीतला एक जुना स्पंज काढून, त्याच्या टाकीचं थोडं पाणी पिशवीत घेऊन, त्यात तो दाबला. गढूळ तपकिरी पाणी निघालं. "काकाजी, हे घाण समजू नका. हे नव्या स्पंजावर सोडा. आणि त्या टाकीतले मासे ठणठणीत आहेत, म्हणूनच देऊन राहिलो, आजारी टाकीतलं कधी कोणाकडून घेऊ नका." पैसे घेतले नाहीत. माझ्यासमोर एक बाई मुलाला घेऊन आल्या होत्या, काचेच्या गोल भांड्यात दोन गोल्डफिश हवे होते. त्यानं विकायला नकार दिला. गोल्डफिश थंड पाण्याचा मासा, घाण भरपूर करतो, त्या भांड्यात मे महिना काढणार नाही, हे त्यानं त्या मुलाला समजेल अशा भाषेत सांगितलं आणि गप्पीकडे वळवलं. गप्पी कणखर आहेत. डासांच्या अळ्या खातात म्हणून आरोग्य खातं ते डबक्यांत आणि हौदांत सोडतं. विकणारा माणूस माल अडवून ठेवतो तेव्हा त्याच्या दुकानात परत जावंसं वाटतं. आम्ही आता तिथूनच सगळं घेतो.

लाइटचं सांगतो. वादळी पाऊस आला, झाड पडलं, तार तुटली की रात्रभर लाइट जाऊ शकते. हे काम मी केलेलं आहे, किती वेळ लागतो ते मला ठाऊक आहे. मोटरच्या बंद डब्यातल्या फिल्टरची लाइट गेली की आतलं पाणी जागच्या जागी थांबतं, तिथले जिवाणू शिल्लक प्राणवायू संपवतात आणि मग मरायला लागतात. लाइट आल्यावर तीच सडलेली घाण टाकीत फेकली जाते. स्पंज उघडा टाकीतच असतो, त्यामुळे तो थोडा जास्त तग धरतो. पण खरा फायदा दुसरा आहे. हवेचा पंप इतका कमी वॅटचा असतो की त्याला पर्याय सहज ठेवता येतो. मी एक यूएसबीवर चालणारा लहान पंप घेऊन ठेवला आहे. लाइट गेली की नळी या पंपातून काढून त्याला जोडायची आणि तो मोबाइलच्या १०,००० एमएएचच्या पॉवर बँकला लावायचा. रात्र आरामात निघते. घरी इन्व्हर्टर असेल तर ४ वॅटचा भार त्याला जाणवणारही नाही, फक्त पंपाचं बटण इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे ना, हे एकदा पाहून घ्या. पुष्कळ घरांत टीव्ही आणि पंखा त्या लाइनवर असतात आणि टाकीचं सॉकेट नसतं.

नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह वीस-तीस रुपयांचा, पण तो घेतल्याशिवाय दुकानातून निघू नका. पंप पाण्याच्या पातळीच्या खाली ठेवला असेल आणि लाइट गेली, तर टाकीतलं पाणी नळीतून उलटं खाली येतं. ते पंपात जातं, तिथून सॉकेटपर्यंत जाऊ शकतं. व्हॉल्व्हवर बाण असतो, तो टाकीच्या दिशेनं हवा. व्हॉल्व्ह उलटा लावला तर हवा जाणारच नाही, म्हणजे लगेच कळतं. वायर भिंतीतल्या सॉकेटकडे जाताना आधी खाली झोका देऊन मग वर न्यायची, म्हणजे थेंब ओघळले तरी खालीच पडतात. टाकीत हात घालण्याआधी बटण बंद. लहान मूल टाकी सांभाळत असेल तर एवढं तरी कराच.

धुणं हा या फिल्टरचा सगळ्यात नाजूक भाग. नळाखाली धुवायचा नाही. आपल्याकडे पेंच आणि कन्हानचं पाणी शुद्ध करून येतं, त्यात क्लोरीन असतं, माणसांसाठी ते हवंच. पण महिनाभर पोसलेले जिवाणू त्यानं मरतात आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. पाणी बदलताना टाकीतून काढलेलं पाणी बादलीत घ्यायचं, त्यात स्पंज दोन-तीनदा हलक्या हातानं दाबायचा, बस. अगदी लख्ख करायचा नसतो, थोडा तपकिरीच राहू द्यायचा. साबण तर जवळही आणायचा नाही. इथे दुहेरी स्पंजाचा उपयोग कळतो: एका वेळी एकच धुवा, दुसरा दोन आठवड्यांनी. एकेरी स्पंजात ही सोय नाही, म्हणून २६० चा घ्या, १५० चा नको.

आमचं पाणी बदलायचं तंत्रही उन्हाळ्यात बदलतं. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी इतकं तापतं की हात धरवत नाही, ते टाकीत घालणं म्हणजे मासे मारणं. मी आदल्या रात्री बादली भरून सावलीत उघडी ठेवतो, सकाळी अँटिक्लोरीनचे थेंब घालून, तापमान जुळवून, हळूहळू सोडतो. उन्हाळ्यात पाणी आटतंही भराभर. नुसती भर घालत राहिलं तर क्षार तिथेच साचतात, कारण वाफ होऊन जातं ते नुसतं पाणी. म्हणून आठवड्याला एक बादली काढूनच नवी घालायची. बोअरिंगचं जड पाणी वापरणाऱ्यांनी याकडे जास्त लक्ष द्यावं. पाणी फारच तापलं तर झाकण काढून वरून लहान पंखा लावला की दोन-तीन अंश उतरतात. बर्फाचे खडे थेट टाकू नका. पाणी भरून गोठवलेली बंद बाटली तरंगत ठेवली तर तापमान हळू उतरतं.

आता उणिवा, कारण त्याही आहेत आणि काही त्रासदायक आहेत.

आवाज पहिला. बुडबुड्यांचा खळखळाट आणि पंपाची घरघर. पंप लाकडी कपाटावर ठेवला तर कपाटच वाजतं. मी तो जाड फोमच्या तुकड्यावर ठेवला, घरघर पुष्कळ कमी झाली. बेडरूममध्ये टाकी असेल आणि झोप हलकी असेल तर हा फिल्टर तुमच्यासाठी नाही. रात्री बंद करून सकाळी चालू करण्याची सवय मी कितीतरी घरांत पाहिली आहे, ती कृपा करून मोडा. रात्री झाडंसुद्धा प्राणवायू घेतातच, आणि जिवाणू तर चोवीस तास घेतात.

दुसरी उणीव, पाणी आरशासारखं लख्ख होत नाही. बारीक कण तरंगत राहतात. मोटरच्या फिल्टरमधल्या पांढऱ्या कापसानं पाणी जास्त चकचकीत दिसतं, हे मान्य. पाहुण्यांना दाखवायला टाकी असेल तर हा फरक जाणवेल. माशांना मात्र तो जाणवत नाही.

रबरी चकत्या कमअस्सल आहेत. पहिल्याच उन्हाळ्यात त्या कडक झाल्या आणि फिल्टर काचेवरून सुटून तरंगायला लागला. मी उभ्या नळीच्या तळाशी एक सपाट दगड नायलॉनच्या दोऱ्यानं बांधला, तेव्हापासून तो जागचा हलला नाही. नवा स्पंजही आधी तरंगतो. बादलीत बुडवून, दाबून आतली हवा काढली की बसतो. फुटणाऱ्या बुडबुड्यांमुळे झाकणाच्या आतल्या बाजूला पांढरे क्षार जमतात, ते व्हिनेगरच्या फडक्यानं निघतात, पण नंतर झाकण साध्या पाण्यानं नीट धुवायचं. आणि दोन फुटी टाकीत हा काळा ऐवज डोळ्यांत भरतो. नातीनं त्याच्यासमोर हायड्रिला या पाणवनस्पतीची जुडी लावली आहे, त्यामुळे बराच झाकला जातो.

प्लॅटीनं पिल्लं दिली तेव्हा मात्र या स्पंजाची किंमत कळली. मोटरचा फिल्टर इतकी बारीक पिल्लं जाळीतून ओढून घेतो. इथे ओढ इतकी मंद की पिल्लं स्पंजावरच बसून त्याला चिकटलेलं बारीकसारीक टिपत होती. नात शाळेतून आली की दप्तर तसंच ठेवून आधी तिकडे जायची. मोठ्यांनी काही खाल्ली, तरी पुष्कळ वाचली, आणि त्यातली काही तिच्या मैत्रिणीच्या टाकीत गेली.

कुणी घेऊ नये तेही सांगतो. ज्यांनी झाडांची टाकी केली आहे आणि सिलिंडरनं कार्बन डायऑक्साइड सोडतात त्यांना हा नको, बुडबुडे तो वायू पाण्यातून उडवून लावतात. ऑस्करसारखे मोठे, भरपूर खाणारे मासे असतील तर एकटा स्पंज पुरणार नाही. चार फुटी टाकीला असे दोन तरी लावावे लागतील, आणि तेवढा खर्च करायचा तर मग दुसऱ्या जातीच्या फिल्टरचाही विचार करता येईल. फायटर, गप्पी, मॉली, प्लॅटी, झेब्रा, गोरामी ठेवणाऱ्या दोन-अडीच फुटी घरगुती टाकीला, आणि ती नागपूर, वर्धा, चंद्रपूरकडे असेल तर, माझ्या मते याच्याइतका भरवशाचा दुसरा नाही. पाचपैकी साडेचार. अर्धा गुण त्या रबरी चकत्यांचा कापला.

घेताना जादा स्पंजांची जोडी मिळते का ते विचारा, माझ्या दुकानात ८० रुपयांना मिळते. ती कपाटात ठेवू नका, आधीपासूनच टाकीत मागच्या कोपऱ्यात टाकून ठेवा. जुना स्पंज फाटायला आला की तोवर हा जिवाणूंनी भरलेला असतो आणि अदलाबदल करायला पाच मिनिटंही लागत नाहीत. पंपाच्या आतला रबराचा पडदा वर्ष-दीड वर्षात सैल पडतो, बुडबुडे कमी झाले की आधी तो पाहा; बऱ्याच पंपांचा पडदा सुटा मिळतो, पंप फेकायची गरज नाही.